तीन कोंबड्या

एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर शिंपी आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. नवरा उंचापुरा, पण सदऱ्याची कॉलर मानेला चार बोटं सैल. सदरा मापाने शिवलेला होता, हे शिंप्याच्या नजरेतून सुटलं नाही.

“दोन कोंबड्या पुरे झाल्या की. खाणारी तोंडं आपली दोनच,” बाई म्हणाली.

“दोन नकोत. एक गेली की दुसरी दाणे टिपायचं सोडते. मी पाहिलंय. तीन घेऊ.”

“तीन तर तीन.”

“आणि खुराड्याच्या जाळीच्या दाराची कडी खाली लावतो. तुझा हात पोचेल अशी.”

“मग रोज तुम्हाला वाकावं लागेल.”

“मला कशाला लागेल?”

बाईने मांडीवरच्या फायलीची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

“सात नंबर,” आतून हाक आली.

नवरा फाईल घेऊन उठला.

“अहो, ऐका.”

“आता काय?”

“कडी वरच लावा, तुमच्या हाताला येईल अशी. मी स्टूल घेईन.”