पिवळी पूड आणि पाचचा ट्रक

—नाही म्हणजे नाही, एर्विन. आणि ती बरणी काउंटरवरून उचल. उचल म्हणतो ना! वाटाणे ने, मका ने, करडई ने, तुझ्या त्या म्हाताऱ्या नर कबुतराला शेंगदाण्याची चटक आहे, तेही ने. मापात खोट निघाली तर रुफिन कोत्सुरच्या दुकानाला खुशाल कुलूप ठोक. पण पिवळी पूड मिळणार नाही. संपली? छे, संपली कसली! आत डबाभर आहे. द्यायची नाही, एवढंच. तुला नाही, कुणालाच नाही. — हो, माहितीये आज शुक्रवार आहे. माहितीये की पाच वाजता चर्चमागे कबुतरांचे पेटारे न्यायला ट्रक लागेल आणि मोसमातली शेवटची शर्यत आहे. पस्तीस वर्षं मी त्या ट्रकपाशी उभा राहतोय, तू कबुतर मंडळाचा अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधीपासून, खाणीत तू माझ्या मागून दिवा सांभाळत चालायचास तेव्हापासून. मला वार सांगतो!

काय झालंय तुझ्या कबुतरांना? काही नाही? ठणठणीत आहेत? मग पूड कशाला? ‘असावी म्हणून.’ वा, अध्यक्षसाहेब! ‘असावी म्हणून’! — आणि वर खोटंही बोलतोस. टाचेकडे बघ तुझ्या. उजव्या. ती हिरवी शीट कुणाची लागलीये? निळी मादी ना? बोल की. दोन दिवस दाण्याला तोंड लावत नसेल, पिसं फुगवून कोपऱ्यात बसत असेल. आणि तीच तू आज पेटाऱ्यात घालणार. पाण्यात दोन चमचे कालवायचे, पाजायचे, संध्याकाळपर्यंत मान ताठ करून उभी राहते, पेटाऱ्याला शिक्का बसतो, उद्या पहाटे जर्मनीतून सहाशे किलोमीटरवरून सोडली की आली तर आली. नाही आली तर म्हणायचं, ससाण्यानं नेली. साऱ्या सायलेशिया प्रांतातले ससाणे आपल्या पापांवर पोसलेत, एर्विन — त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही आपण काय काय खाल्लं ते.

हसू नकोस. मी हसवायला बसलेलो नाही. — ही पूड गावात आणली कुणी, ते मला माहीत नाही होय? मीच आणली. खाण बंद पडली त्या वर्षी. पाळ्या गेल्या, पगार गेला, कबुतरं तेवढी राहिली. माझ्या कबुतरांना हगवण लागली होती. टर्कीच्या फार्मवरचा बेनेक म्हणाला, आमच्या टर्कींना देतो ते घे, अँटिबायोटिक आहे, दोन दिवसांत बंद. दिलं. बंद झाली. आणि त्या शनिवारी माझी तांबडी मादी दुसऱ्या आलेल्या कबुतरापेक्षा अकरा मिनिटं आधी उतरली! अकरा! मी काही खुळा नव्हतो, गप्प बसलो. पण ओतिल्काला कुठलं गप्प बसवतंय — माझी बायको बेकरीच्या रांगेत उभी राहिली की संपलं. सोमवारी सकाळी सात माणसं दारात, तू तिसरा. टोपी हातात धरून उभा होतास, आठवतं? खाण गेल्यावर मी हे दुकान टाकलेलं, व्यापारी माणूस. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगणार, जा म्हणून? पोरीच्या लग्नाआधी आपण घरोघर कोलोच, तो गोड केक, पाठवतो ना, चिजाचा एक तुकडा, खसखशीचा एक, एक घर चुकलं तर जन्माचा रुसवा — तशी ती पूड घरोघर गेली. आधी आजारी कबुतरांना. मग शेजारच्याची आजारी आहेत म्हणून आपल्या धडधाकटांना. मग दर गुरुवारी, सगळ्यांनाच. आणि शुक्रवारी पाणी स्वच्छ, कारण पूड पोटात राहिली तर कबुतर जड उडतं. आठवडाभर पूर्ण औषध दिलंय कुणी कधी? तू दिलंस? मी दिलं? आठवडाभर दिलं तर शनिवारी कबुतर घरी बसतं, आणि घरी बसवायला कबुतरं पाळतंय कोण!

— काय? ओतिल्का कशी आहे? आधी पूड, मग ओतिल्का. छान. नाही, विचारलंस ना, मग ऐक आता. हलू नकोस. इस्पितळात तिसरा आठवडा आहे. अंगठी बोटात राहत नाही म्हणून नर्सनं चिकटपट्टीनं बांधलीये. ताप उतरतो, आपण म्हणतो चला, आणि संध्याकाळी पुन्हा दात वाजायला लागतात. रक्तात जंतू आहेत म्हणे. कबुतरांचेच. — अंड्यातून आले असतील? अरे, अंडं कशाला शोधतोस! खुराडं खरवडायचं कुणी? आपण तर घड्याळ बघत आकाशाकडे तोंड करून बसणार. पिल्लं दाणा खाईनात की वाटाणे आपल्या तोंडात भिजवून चोचीत भरवायची, ती. हरलेल्या कबुतरांची पिसं काढायची, कुणाच्या घरी बाळंतीण असली की तिच्या सुपासाठी पाठवायची, तीही तीच. तुझ्या सुनेला पाठवली होती. चार.

आणि ऐक तर खरं, ह्या बाईनं जन्मात असली गोळी गिळली नाही. दाढ सुजली तर लवंग धरून बसायची. त्या डॉक्टरीणबाई आहेत ना — काडीसारख्या, केवढीशी वेणी, मला वाटलं ही काय बरं करणार — त्यांनी कागद दाखवला. आपलं निकालपत्रक असतं ना, तसाच. नावांची रांग, पुढे शेरा. फक्त कबुतरांऐवजी औषधं. दाद देत नाही. दाद देत नाही. दाद देत नाही. अकरा औषधं एर्विन, ओळीनं! खाली दोन उरलीत. त्यातलं एक चालू आहे, त्यानं मूत्रपिंडं जाऊ शकतात. मी विचारलं, बाई, जिनं कधी औषध घेतलं नाही तिच्यावर औषध चालत नाही, हा कुठला न्याय? त्या म्हणाल्या, सवय तुमच्या बायकोला लागलेली नाही, जंतूंना लागलीये, आणि ते एका घरात राहत नाहीत. मग विचारलं, कबुतरं आहेत का? काय घालता त्यांना? मी म्हणालो, वाटाणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. वाटाणे! बायको समोर तापानं फणफणतेय आणि मी वाटाण्यांवर अडून! का? मंडळासाठी. तुमच्यासाठी. — बरं, दुकानासाठी.

आज सकाळी सांगितलं. दुकान उशिरा उघडलं ते त्यामुळेच. पुडीचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, अगदी शांतपणे, आणि मग विचारलं, किती घरं? मी मोजायला लागलो. आधी आपली गल्ली, मग तळ्याकडची, मग खाणीच्या चाळी... त्रेचाळीस. त्रेचाळीस म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, ही कबुतरं एकमेकांना भेटतात का? आता काय सांगणार? भेटतात का! अकरा गावांची, एका पेटाऱ्यात तीस-तीस, पिसाला पीस लागलेलं, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची एकच पन्हळ. तू आपल्या खुराड्याला तीन कुलपं लावतोस — लाव बाबा, चोर येईल. पन्हळीला कुलूप कोण लावतो? तुझी निळी मादी आज त्या पाण्यात चोच बुडवेल, तेच पाणी खालच्या गावचा तो मास्तर आहे ना, त्याचं कबुतर पिऊन घरी जाईल, त्याच्या बायकोच्या हातावर दाणा खाईल. त्या बाईनं तुझं काय वाईट केलंय? तिला तुझं नावही माहीत नसेल. — आणि ते सरकारी पशुवैद्य येणार सोमवारी. बाईंनी फोन केला, साहेब सोमवारी भेटतील म्हणाले. ट्रक जातो आज. मधे कोण आहे? तू आहेस. ट्रकच्या पत्रकावर सही तुझी लागते. सही नसेल तर ट्रक हलत नाही, हा नियम तूच केलास, मागे भांडणं झाली तेव्हा टेबलावर मूठ आपटून. मग आपट आता!

लोक काय म्हणतील? शिव्या देतील. ढाल हुकेल, बक्षीस हुकेल, पुढच्या वर्षी अध्यक्षपद जाईल. जाऊ दे की. तुझ्याआधी ज्याला होतं तो मेला तेव्हा कुणी पदाला धरून रडलं का? — काय म्हणालास? नीट बोल, पुटपुटू नकोस. तू कधी कमी दिलं नाहीस? ज्यांनी कंजूषपणा केला त्यांच्यामुळे झालं हे? तू नेहमी चमचा भरून, शिगोशीग? — शिगोशीग! अरे शहाण्या, तुला माहितीये तरी का तुझ्या त्या शिगोशीग चमच्यात काय होतं? अर्धी दुधाची भुकटी होती! अर्धी! वसंतात घाई असायची तेव्हा अर्ध्याहून जास्त! आणि रंग उतरायला लागला तेव्हा कस्टर्ड पावडर, व्हॅनिलाची! तुझी बायकोच म्हणाली होती, रुफिन, ह्या खेपेच्या पुडीला वास काय छान येतो...

...

असा बघू नकोस.

सहा वर्षं झाली. फार्मवर तपासणी सुरू झाली, बेनेक निम्मीच द्यायला लागला. मी काय करणार होतो? निम्म्या लोकांना नाही म्हणायचं — कुठल्या निम्म्या? सगळे दारातले. सगळ्यांच्या लग्नात नाचलोय, सगळ्यांच्या मयताला गेलोय. म्हणून पूडच निम्मी केली, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. — हे डॉक्टरीणबाईंना नाही सांगितलं मी. ओतिल्कालाही माहीत नाही. तुला सांगणार नव्हतो, तूच तो चमचा मध्ये आणलास! मग तुम्ही यायला लागलात, रुफिन, पूड नरम पडली रे. मी म्हणायचो, दोन चमचे घाला. असं बघू नकोस म्हटलं ना! तूही चमचे वाढवलेसच की, एकदा तरी विचारलंस का, नरम का पडली?

रात्रभर त्या खाटेशेजारी बसलं की माणसाला काहीबाही सुचतं. पिल्लांना आपण कसं शिकवतो? पहिल्या दिवशी चर्चच्या मागून सोडतो. मग पाच किलोमीटर. मग पंधरा, मग चाळीस. वाटेत मरेल इतक्या लांब पहिल्यांदा नेत नाही कुणी. त्या जंतूंचं आपण दुसरं काय केलं? मरतील इतकं कधी दिलंच नाही. थोडं दिलं, टिकले. आणखी थोडं, टिकले. दर गुरुवारी, न चुकता — ज्या निगुतीनं आपण एक पोरगं शाळेत घातलं नाही त्या निगुतीनं. आता कुठूनही सोडा, बरोबर घरी उतरतात. माझ्या घरी उतरले. तुझी सून अंगावर पाजतेय ना अजून? बरी आहे ना? — नाही, मी फक्त विचारलं.

मारायचं असेल तर मार. तेवढा हक्क आहे तुझा. चष्मा काढून ठेवू? शिव्या दे. एवढा वेळ तोंड मिटून विचार करताना मी तुला जन्मात पाहिलं नाही. सही करणार नाहीस ना? बोल ना रे, एर्विन, एकदा म्हण, सही करत नाही, मी आत्ता दुकान बंद करून तुझ्याबरोबर येतो, आधी दगड मला बसेल, तू मागे उभा राहा, पूर्वीसारखा —

काय?

पुन्हा म्हण. हळू नको, मोठ्यानं म्हण, मला नीट ऐकायचंय.

‘आतल्या डब्यातली... बिनकस्टर्डची आहे का?’

म्हणजे एवढा वेळ तू हे — म्हणजे मी बोलत होतो, आणि तू तिथे उभा राहून हा हिशोब... की रुफिनकडे अस्सल आहे, आणि अस्सल असेल तर निळी एका दुपारीत...

निघ.

बरणी घे. नको, बरणी राहू दे, हात लावू नकोस कशाला. निघ आधी. पाचला मी ट्रकपाशी येतोय. सगळ्यांसमोर सांगणार आहे, बेनेकपासून कस्टर्डपर्यंत, आणि त्यानंतर तुला सही करायची तर त्यांच्या डोळ्यांदेखत कर. — नाही, ओतिल्काला निरोप नको. तुझा तर नकोच.

दार लाव. बाहेरून.