वेलकर सरांच्या कोर्टातला कायमचा आरोपी

सन्माननीय अध्यक्ष चिंतामणीशेठ, प्रमुख पाहुण्या नलूताई, आज निवृत्त होत असलेले, आणि म्हणून आज तरी मला बाकावर उभं करू न शकणारे आमचे वेलकर सर, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, चिंचपोकळी-लालबागहून आलेले पालक, आणि बटाटेवड्याच्या वासावर थांबून राहिलेले माझे वर्गमित्रहो,

मी जगन. माझगावच्या कोळीवाड्यातला. हा मंडप माझा, खुर्च्या माझ्या आणि लाऊडस्पीकरही माझाच. त्यामुळे 'आवरतं घ्या' अशी चिठ्ठी कोणी पाठवू नये, ही नम्र विनंती.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी सरांना ऋषितुल्य म्हटलं. ऐकून मला वाटलं, आपण चुकून भलत्याच सत्काराला मंडप घातला की काय? प्रभादेवीहून डब्यात कोलंबीचं भानोलं आणणारा आणि पोरांना नुसता वास देणारा माणूस ऋषी कसा होईल? असो. थोरामोठ्यांचं ऐकावं.

सर आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचे. पुस्तकात कोर्ट-कचेरीचा धडा दीड पानाचा, तो सरांनी वर्षभर पुरवला. दर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात कोर्ट भरायचं. पोलीस, साक्षीदार, वकील, न्यायाधीश, सगळे आमच्यातलेच. आरोपी मात्र कायम मी. सर म्हणायचे, "जगन, तुझा चेहरा जमतो." फूटपट्टीने मी किती खून केले त्याची गणती नाही. सरकारी वकील या आपल्या नलूताई. आज बँकेत मोठ्या साहेब आहेत, पण तेव्हा खडू चोरल्याबद्दलही त्यांनी माझ्यासाठी फाशी मागितली होती. ताई, कर्ज मागायला मी तुमच्याकडे का येत नाही, कळलं ना?

सरांच्या कोर्टाचा एक नियम होता. न्यायाधीशाने "गुन्हा कबूल आहे का?" विचारलं की आरोपीने ताठ उभं राहायचं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. "आणि लक्षात ठेवा," सर म्हणायचे, "जे केलं नाही ते केलं म्हणायचं नाही. तेवढ्याने लवकर सुटका होत असली, तरी नाही." मी दर शनिवारी ओरडायचो, "कबूल नाही, साहेब!" सवयच लागली होती.

आता मुद्द्यावर येतो. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. माझा मोठा भाऊ दत्ताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. एके दिवशी तो घरी आला नाही. आई म्हणाली, "गावाला गेलाय." अध्यक्षमहाराज, आम्ही माझगावचे कोळी. आमचं गाव म्हणजे माझगावच! दादा जाणार कुठल्या गावाला? पण मी विश्वास ठेवला. चेहरा आरोपीचा असला तरी डोकं साधंच होतं.

दुसऱ्याच दिवशी सर आमच्या वर्गाला खरं कोर्ट दाखवायला घेऊन गेले. आम्ही गणवेशात, तोंडावर बोट ठेवून मागच्या बाकांवर. आरोपी आणले, आणि त्यात आमचा दादा! संप मोडून कामावर जाणाऱ्यांच्या गाडीवर दगड मारला, असा आरोप. दादाने दगड मारला नव्हता. तो त्या वेळी आईची मासळीची पाटी बाजारातून एकटाच घरी आणत होता. पण पाटीची साक्ष कोण काढणार? आणि बाहेर एका काळ्या कोटवाल्याने त्याला पढवलं होतं, "कबूल करून टाक, किरकोळ दंड होईल, संध्याकाळी घरी." हे मात्र सांगितलं नव्हतं, की गुन्हा शाबीत झाला तर संप मिटल्यावर दादाला दारातसुद्धा उभं करणार नाहीत.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

आणि मी उठलो. ताठ. "कबूल नाही, साहेब!" असा ओरडलो की पंख्यावरचं कबुतर उडालं.

साहेबांनी चष्मा काढला. "आरोपी कोण? तू की तो?"

मी म्हणालो, "शाळेत मी, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. हसला नाही तो दादा. साहेबांनी त्याला पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. धाकट्या भावासमोर कसं खोटं बोलणार? म्हणाला, "नाही, साहेब. मी दगड मारला नाही."

चिंतामणीशेठ, पुढे शाळेच्या संस्थेकडून सरांना जो मेमो गेला तो आपल्याच सहीचा होता, आठवतंय ना? 'विद्यार्थ्यांना कोर्टात तोंड उघडायला का शिकवले?' सरांनी उत्तर दिलं, "गप्प बसायला मुलं घरूनच शिकून येतात." शेठ, आज आपण सरांच्या शेजारी बसून हसताय, हे पाहून फार बरं वाटलं.

दादाची केस दीड वर्ष चालली. तो निर्दोष सुटला. आणि गिरणी? ती उघडलीच नाही. ज्या नोकरीसाठी एवढं केलं, ती नोकरीच उरली नाही.

निकालाच्या दिवशी सर आमच्या घरी आले. आईने विचारलं, "मंग काय मिलालं, मास्तर? तवाच कबूल केला असता तर पोराचे पाय तरी झिजले नसते." सर, ज्यांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यायचं, ते उठून चपला शोधू लागले. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

दादा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. वर न बघता म्हणाला, "आये, पोलीस म्हनाले मी दगड मारला. गिरणीवाले म्हनाले, वाडा म्हनाला. तू पन मनात म्हनालीस. आता कोर्ट म्हनतंय, नाय मारला. मला एवढंच पायजे होतं."

आई उठली. आत गेली आणि सरांसाठी बोंबील तळायला घेतले.

मित्रहो, मला ऐकून घेतलंत, आभारी आहे. सरांना दीर्घायुष्य लाभो आणि भानोलं पचत राहो. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, मोठ्यांच्या टोप्या उडवल्या असतील, तर पोटात घाला. आता माजी विद्यार्थ्यांतर्फे सरांना हार घालायचा मान मला दिलाय. तो मी घेणार नाही. माझा दादा या शाळेत एक दिवसही शिकला नाही, म्हणून तो मघापासून तिकडे दाराशी उभा आहे. दादा, चपला राहू दे पायात. वर ये, हार तू घाल.