अमरेलीहून आलेलं कपाट

सासरहून आलेल्या वस्तूला नाक लावायचं नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही — असं आत्यानं बजावलंय मला, तरी तुम्हाला अंगणात घेऊन आले. या ना इकडे, सावलीत उभे राहा. अण्णांचं पंचांग संपायला वेळ आहे अजून, तुमच्या आई आणि आत्या मुहूर्त आत्ता की मार्गशीर्षात यावरून घासाघीस करतायत, इथलं बोलणं त्यांना सगळं ऐकू जातं — जाऊ दे. तर हे कपाट. खरं सांगू, हे दारात उतरलं तेव्हा मी फार सुखावले होते. दुसरी माणसं शालू पाठवतात, तुम्ही माझ्या पुस्तकांसाठी कपाट पाठवलंत. आणि बी.ए. पुरं करा म्हणालात. या घरात मला शाळेत घातलं ते, मुलीला घरी ठेवलं तर महाराज दंड करतात, त्या भीतीनं, कॉलेजात जाते तर आत्या अजून मिरच्या ओवाळते — आणि तुम्ही आपणहून म्हणालात, पुरं करा.

म्हणून मी या वासाच्या मागे लागले. येतोय ना तुम्हाला? येतोच. पॉलिशचा नाही हो, पॉलिशचा वास मला कळतो. जरा दार उघडा — हा. लिलावातलं आहे, कुणी साहेब विलायतेला परत गेला त्याच्या बंगल्यातलं, असं तुमच्या आई म्हणाल्या. म्हटलं, असेल साहेबाच्या चिरुटाचा नाही तर कुत्र्याचा, जाईल. खण बाहेर काढून वैशाखाच्या उन्हात ठेवले — दुपारी वास दुप्पट. चुन्याची निवळी फिरवली, कोळसे भरून ठेवले, कडुनिंबाचा पाला, ऊद, सगळं झालं. शेजारच्या जमनाबेन म्हणाल्या, कबाट पाछुं मोकली दो, परत पाठवून टाक — मी त्यांच्यावरच चिडले. मग रिठे उकळून त्या पाण्यानं घासलं, काचकागदानं आतली बाजू खरवडली. हे हात बघा माझे. पुस्तकं ठेवली की पानांना तोच वास, कडवट, गोडसर, दवाखान्याचाही नाही आणि स्वयंपाकघराचाही नाही — मला ओळखताच येईना.

ओळखला तो आत्यानं. आज सकाळी मला रागवायला आली — लाकूड घासून घासून भुसा करशील म्हणाली — आणि बोलता बोलता खणात डोकं घातलं. गुडघे दुखतात ना तिचे, दर थंडीत चोळते. म्हणाली, अगं हे तर नारायण तेल. आणि जुनं नाही हो, जुनं खवटतं, हे गेल्या थंडीतलं असेल. मग आत जाऊन डाळ निवडायला बसली. निवडलेलीच डाळ पुन्हा.

आता मला सांगा, साहेब नारायण तेल चोळतो का? हसताय? मीही हसले आधी. मग ही बाजू पाहिली. वाका जरा — इथं, गुडघ्याच्या वर, हा काळा डाग. वरून पॉलिश मारलंय, पण ऊन लागलं की तेल पॉलिशमधून वर येतं, पुसलं की पुन्हा. कुणीतरी खाटेवरून उठताना रोज इथंच धरत होतं. वर्षानुवर्षं. एका थंडीत असं मुरत नाही.

तुमच्या आई लावतात का? नाही, मघाशीच म्हणाल्या, तेलाच्या वासानं त्यांचं डोकं उठतं. मग तुम्ही लावता? म्हणा ना, मी लावतो म्हणा, घोड्यावरून पडलो होतो म्हणा. मी विश्वास ठेवीन. खरंच ठेवीन, अगदी निर्लज्जपणे.

बरं, त्यांचं नाव काय होतं? तुमच्या पहिल्या — हो, त्यांचंच विचारतेय. प्रेमला. बघा, दसऱ्यापासून आमच्याकडे या लग्नाचं बोलणं चाललंय आणि हे नाव मी आज ऐकतेय. तीन वर्षांपूर्वी गेल्या, दोन दिवसांच्या तापानं, एवढंच सांगितलंत. तुमचं अमरेली लांब, कोण चौकशी करतंय. दोन दिवसांच्या तापात कुणी नारायण तेल चोळत नाही हो. आणि तीन वर्षांपूर्वी गेलेलं माणूस गेल्या थंडीत हे कपाट धरून उठत नाही.

आत्या, मी आत येत नाही. माझं बोलणं व्हायचंय.

एकच विचारते. दसऱ्याला तुम्ही मला पाहायला आलात, त्या तिथे बसलात, मला आवडता विषय विचारलात — तेव्हा प्रेमलाबाई जिवंत होत्या का? आईंकडे नका बघू. मी तुम्हाला विचारतेय. आजारी होत्या म्हणून मी नाक मुरडत नाही, कुणीही आजारी पडेल, मीही पडेन — आणि मग माझं कपाट कुणाला पाठवाल, तेही लिलावातलं म्हणून? नाही, हे नको होतं बोलायला. थांबा. तुम्ही नुसतं नाही म्हणा. मान हलवा नुसती. मी इतके दिवस घासत होते ते काय लाकडासाठी? वास गेला असता तर मी काही विचारलं नसतं — हे कबूल करायला मला लाज वाटते, पण नसतं विचारलं. मला तुम्हीच हवे होतात.

बोला.

अहो, काहीतरी बोला.

बरं.

अण्णा, मुहूर्त काढू नका. मी हे लग्न करणार नाही. आज नाही आणि मार्गशीर्षातही नाही. कपाट न्या म्हणावं, आणि ते खरवडलेलं झाकायला पुन्हा पॉलिश मारू नका. निघा तुम्ही. आईंना हात द्या, उंबरा उंच आहे.

आता का गप्प सगळे? आत्या, मघाशी एवढी हाका मारत होतीस. बोल ना. अण्णा? अण्णा, तुम्हीसुद्धा?