नेपाळ, भूतान आणि चंद्रीची धार

...न्हाई न्हाई, मला एक सांगा, नकाशात दोन्ही देश शेजारी शेजारी दिसत्यात का न्हाई? दिसत्यात ना? नेपाळ हितं, भूतान हितं, मधी बोटभर जागा! मंग माणसाला वाटणारच ना, की एकदा घरातून निघालं की दोन्ही उरकून यायचं, नारायणगावला गेलं की बाजार बी करायचा आन् दाढी बी करून यायची, तसं! पण तुमाला सांगतो राव, त्या बोटभर जागेनं माझं अख्खं वरीस खाल्लं. आन् एवढं करून... जाऊ द्या. सांगतो. पावणं, बसा की, उभं ऱ्हाऊ नका, कुणी उभं असलं की मला वाटतं हे आता निघालं.

तर मूळ चूक माझीच. मी रामनाथ, निमगाव साव्याचा, चूक कबूल करणारा माणूस हाय. लग्न नवीन व्हतं, वैजयंतीला घेऊन येडगावच्या धरणावर गेलो व्हतो, भेळ खाता खाता म्हणलो, 'तुला एकदा बर्फ दाखवीन.' तिनं इचारलं व्हतं का? अजिबात न्हाई! पाणी बघायला गेल्यालो, पाणी बघावं, भेळ खावी, गप घरी यावं... पण नवीन लग्नात माणसाच्या जिभेला हाड नसतं. बरं, तिनं त्यावरनं कधी भांडावं तरी? न्हाई! चोवीस वर्षांत एक शब्द न्हाई. भांडली असती तर मी बी दोन शब्द बोलून मोकळा झालो असतो. पण टीव्हीवर बर्फ दिसला की ही हातातली भाजी खाली ठेवायची आन् नुसती बघत बसायची. आन् मी आपला मागून म्हणायचो, 'जायचं गं, जायचंच हाय. पण धार कोण काढणार?'

कारण घरात गाय. आता चंद्री हाय, आधी चंद्रीची आई व्हती, त्याच्या आधी तिची आई. गाई बदलल्या, माझी सबब तीच. ही धार काढते, मी वैरण टाकतो, डेअरीत दूध घालून येतो. दोन टाइम. सकाळी साडेपाच, संध्याकाळी साडेपाच. गाईला दिवाळी न्हाई, रविवार न्हाई, आन् तिला सांगून बी कळत न्हाई की बाई, आमचं लग्नाचं पंचविसावं वरीस हाय.

आन् ते पंचविसावं लागलं की हो! मी मनाशी म्हणलो, रामनाथ, आता बास. उठलो, सरळ नारायणगावला कल्पेशकडं गेलो. कल्पेश म्हंजे नेमीचंद शेटचा पोरगा. दुकान बापाचंच, कापडाचं. अर्ध्या काउंटरवर शेट साड्या उलगडत्यात, उरलेल्या अर्ध्यावर हा जग उलगडतो. मला बघितल्याबरोबर पोरगं सुरू, 'काका! बसा! नेपाळ-भूतान कंबाइन! नऊ रात्री, दहा दिवस! एका ट्रिपमध्ये दोन देश, काका, लोक एकच देश बघून येतात आणि आयुष्यभर पस्तावतात!'

मी म्हणलो, कल्पेश, दोघांचा बांध एकच ना?

'नाही काका, मध्ये आपला देश येतो.'

आता हे काय? म्हंजे नेपाळात जायचं, मंग परत आपल्याच देशात यायचं, आन् मंग भूतानात शिरायचं? 'हो ना, काका, मधला पट्टा आपला. विमानानं गेलात तर वरून जाता येतं.' मला लगेच कळलं. का कळलं? कारण आमचं तसंच हाय! माझं एक शेत वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, आन् मधी पट्टा गोरखदादाचा. थोरला सख्खा भाऊ! बारा वर्षं झाली, त्या पट्ट्यातून तो माझा ट्रॅक्टर जाऊ देत न्हाई, आन् बोलत बी न्हाई. वरच्या शेतातून खालच्या शेतात जायचं तर मी गावाला वळसा घालतो. तवा म्हणलं, कल्पेश, विमानाचंच बघ. मधल्या पट्ट्याचा मला अनुभव हाय.

मंग तारीख. तुमाला सांगतो, ती तारीख ठरवताना पोरगं अर्धं झालं. 'काका, एप्रिल घ्या, हवा मस्त!' एप्रिलात कांदा काढायचा असतो बाबा. 'मग जून?' जूनमधी टोमॅटो, आन् तिकडं दरडी पडत्यात म्हणं. 'ऑक्टोबर! आकाश स्वच्छ, सगळी शिखरं दिसतात!' शिखरं दिसत्यात रे, पण हिकडं टोमॅटोचा तोडा चालू आसतो, मजूर दिसत न्हाईत. 'डिसेंबर?' कांद्याची लागण. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं, 'काका, तुमच्याकडं मोकळा महिना कुठला असतो?' मी लई इचार केला. म्हणलं, फेब्रुवारीचे पहिले दहा दिवस. तर म्हणतो, 'अहो मग बेस्ट! तेव्हाच बर्फ असतो!' बघा! म्हंजे चोवीस वर्षं फेब्रुवारी यायचा आन् जायचा, आन् मला पत्ता न्हाई!

मंग कागद. म्हणलं, हे घे आधार कार्ड. 'आधार चालत नाही काका. पासपोर्ट किंवा मतदान कार्ड.' आरं, गॅसला आधार, बँकेत आधार, रेशनला अंगठ्यासकट आधार, आन् तिथं आधार न्हाई? मतदान कार्ड शोधायला दोन दिवस गेले. माझं सापडलं पोथीत, हिचं सापडलं ज्वारीच्या कोठीत. माझ्या कार्डावरचा फोटो कल्पेशनं उजेडाकडं धरून बघितला. मंग हळूच म्हणतो, 'काका, हे तुम्हीच ना?' मीच रे बाबा. आमावस्येला काढला व्हता वाटतं.

मंग त्यानं भूतानचा फोटो दाखवला. सरळ कडा, कड्याला चिकटून मठ. 'काका, ह्याला वाघाचं घरटं म्हणतात! चढायला चार तास!' मी म्हणलो, वाघ बघायला चार तास चढायचं? आमच्या उसात ये की! संध्याकाळी सातनंतर नुसता बांधावर उभा ऱ्हा, बिबट्या स्वतः येतो तुला बघायला!

आन् टाइम! तुमाला म्हाईत हाय का, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, आन् भूतानचं अर्धा तास पुढं! मी लई हसलो. आरं, पंधरा मिनिटांत काय व्हतं? आमी लग्नाचा मुहूर्त दोन दोन तास टाळतो! तवा हसलो मी. आता हसत न्हाई.

तर सगळं जमलं. वही केली मी, राव! कुठं उतरायचं, काय बघायचं, बर्फात पायात काय घालायचं... येताना हिच्यासाठी शेटकडून लोकरीची शाल घेतली. घरी आलो, शाल तिच्या हातात दिली, वही उघडली, सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत व्हती आन् तिचे डोळे आसे... आन् माझ्या तोंडातून काय निघालं? सवय हो! चोवीस वर्षांची सवय! म्हणलो, 'सगळं झालं गं, पण धार कोण काढणार?'

ती म्हणली, 'बघा की कुणी मिळतंय का.' आता बघायचं कुणाला? आदेशला फोन लावला. आदेश म्हंजे आमचा मुलगा, चाकणला कंपनीत. 'पप्पा, मला सुट्टी नाही, शिफ्ट आहे. तुम्ही मशीन घ्या ना, मी लिंक पाठवतो.' लिंक पाठवतो! मशीन घेतली भाड्यानं. चंद्रीनं एक लाथ घातली, मशीन गव्हाणीत. शेजारच्या गड्याला इचारलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, चंद्रीकडं बघितलं, म्हणला, 'भाऊ, दुसरं काय बी सांगा.' कारण चंद्री वैजयंतीशिवाय कुणाला हात लावू देत न्हाई. अख्ख्या गावाला म्हाईत हाय. मी रोज रात्री आपला हिशोबाला बसल्यावानी बसायचो, कोण काढील, कोण काढील... आन् तोंडात एकच, 'पण धार कोण काढणार?'

चौथ्या दिवशी साळुबाई आल्या. बचत गटाच्या अध्यक्ष. म्हणल्या, 'वैजयंती, आपल्या गटाच्या अकरा बायका चालल्यात गं, कल्पेशच्याच टूरला. बारावी कमी पडतीय.' मी आपला पुढं होऊन म्हणलो, 'साळुआत्या, आमचं बी त्यातच बसवा, पण धार को...' तेवढ्यात वैजयंतीनं मान वर केली. शांत. भाजी निवडता निवडता म्हणली, 'आवो, दोघांतल्या एकानं धारेला ऱ्हायला पायजे ना? मंग तुमीच ऱ्हा.'

झालं! माझी वही, माझं वरीस, मतदान कार्ड काढलं मी, आन् मीच ऱ्हा! चोवीस वर्षं जी सबब मी हिला दिली, ती हिनं घडी घालून मलाच परत दिली. खरं सांगू? मला बी जायचं व्हतं हो. तिनं पहिल्यांदा बर्फ बघितल्यावर तिचं तोंड कसं दिसतं, तेवढंच बघायचं व्हतं. बर्फाचं मला काय, डेअरीत रोज बघतो. पण आसं बोलायला जमतं का आपल्याला? मी आपला छाती काढून म्हणलो, 'जा, जा! धार म्हंजे काय, मी बी काढतो!'

गेली ती. अंगावर शाल, हातात माझी वही. संध्याकाळी मी बादली घेऊन गोठ्यात. पेंड ठेवली, वासरू लावलं, चुचकारलं. चंद्रीनं मान फिरवून माझ्याकडं आसं बघितलं, की तू कोण? दूध किती? तांब्याभर! दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढं बी न्हाई. कास नुसती दगडावानी. जुनी माणसं म्हणायची, बाईमाणसाच्या हाताची गाय असली की तिचं लुगडं नेसून बसावं. मंग काय? दार लावलं, हिची जुनी साडी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला, बसलो. चंद्रीनं साडी हुंगली, मला हुंगलं, आन् पदर खाल्ला!

तेवढ्यात फोन. व्हिडिओ! काठमांडू! आन् स्क्रीनवर अकरा बायका! साळुआत्या वरडल्या, 'आगं बाई, वैजयंती, तुझ्या घरात ही कोण बाई शिरली गं?' हसल्या, हसल्या, पार नेपाळ हलवला त्यांनी. पण वैजयंती म्हणली, 'चंद्रे... आगं काय झालं तुला...' आन् राव, देवाशपथ सांगतो, चंद्रीनं कान टवकारले, हंबरली, आन् पान्हा सोडला! बादली भरली! बायको हजार कोसांवर, आन् गाय हितं दूध देतीय!

मंग रोजचंच ठरलं. सकाळ-संध्याकाळ साडेपाचला ती फोन करणार, चंद्रीशी बोलणार, मी एका हातात फोन धरून एका हातानं धार काढणार. माझ्याशी बोलणं किती? 'फोन जरा तिच्या कानाकडं धरा,' एवढंच. बरं, ती बघती तिकडचं घड्याळ. नेपाळात व्हती तवा हितं सव्वापाच, भूतानात गेली तशी हितं पाच. आख्खी टूर थांबायची म्हणं चंद्रीसाठी. कल्पेश देवळाच्या पायरीवर वरडायचा, 'चला चला, पण काकूंची धार होऊ द्या!'

सातव्या दिवशी माझी कंबर धरली. एका हातानं धार काढून काढून दुसरं काय होणार? हालता येईना, चंद्री हंबरतीय, फोन वाजतोय, आन् गोठ्याच्या दारात कोण? गोरखदादा! बारा वर्षांनी! चंद्रीचं वरडणं ऐकून आला असंल. आत आला, माझ्या हातातला फोन घेतला, गव्हाणीच्या काठाला टेकवून ठेवला आन् खाली बसला. फोनमधी हॉटेलाचं अंगण, आन् बर्फ पडतोय हो, कापूस पिंजल्यावानी! वैजयंतीनं वंजळ पुढं केली, 'आवो, बघा... हात नुसते गार पडलेत. तुमी पायजे व्हता.' तोंड बघितलं मी तिचं, एवढ्याशा काचेत का हुईना, बघितलं. आन् हिकडं चंद्रीनं गोरखदादाला घळाघळा बादलीभर दूध दिलं. साडी न्हाई, काय न्हाई, माझा हात बी न्हाई! फोन गव्हाणीला टेकलेला, आन् धार चालू!

दादा उठला, बादली बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले, आन् बारा वर्षांनी मला पहिलं वाक्य काय बोलला? 'मंग रामा, तू कशाला थांबला व्हता?'

आल्यावर हिनं तर जाहीरच केलं, 'पुढच्या फेब्रुवारीत दोघं जाऊ, फोन भावजींकडं ठेवू.' म्हंजे माझी सबब बी गेली. आन् वर काय झालंय सांगू का? दहा दिवसांत चंद्रीला सवय लागली. पाचला दावं तोडायला बघती, साडेपाचपर्यंत दम धरीत न्हाई. आन् ही बी पाचला उठून बसती, म्हणते तिकडं साडेपाच वाजलं असतील. घरातल्या दोघी भूतानच्या टायमावर गेल्या, राव... मीच तेवढा अजून निमगाव साव्याच्या टायमावर हाय.