सुमनकाकूच्या नावाखाली काय लिहायचं?

शोकसभेच्या बॅनरवर काकूच्या फोटोखाली काय लिहायचं, असं काल बॅनरवाल्या भाऊंनी मला फोनवर विचारलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, आणि हुद्दा? मी म्हटलं, ती ओळ तशीच सोडा. आज तुमच्यासमोर उभी आहे, आजही मला तो हुद्दा सांगता येत नाही. तुम्ही बघताच आहात, नावाखालची जागा मोकळी आहे.

चुडाव्यातल्या माझ्या माणसांनो, पूर्णेहून आलेल्या अंगणवाडीच्या ताईंनो, एवढ्या उन्हाचं तुम्ही सगळे आलात. मला बोलणं जड जातंय. शाळेत मी भाषणाला उभी राहिले की काकू पुढच्या सतरंजीवर बसायची. मी अडखळले की नुसते ओठ हलवून पुढचा शब्द सांगायची. आज तिकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते. तरी नजर जाते.

सुमनकाकू माझी चुलती. तुमच्यासाठी अंगणवाडीच्या बाई. इथल्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं 'हजर' तिच्यासमोर म्हटलंय. काम सरकारचं करायची, पण ती सरकारी नोकर नव्हती. तिला मिळायचं ते मानधन, पगार नव्हे. परभणीला कलेक्टर कचेरीसमोर ती किती वेळा धरणं धरून बसली, ते ताईंनो, तुम्हाला ठाऊक आहे; तुम्ही शेजारीच होतात. मागणं एकच, आमाला नोकर म्हणा. पोलिओचे डोस आले, काकूला बोलावणं. मतदार यादी आली, काकूला बोलावणं. नोकर म्हणायची वेळ आली की कुणीच बोलावलं नाही.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती काकूमुळे. दादा, म्हणजे माझे वडील, बारावीनंतर पुरे म्हणत होते. ही पूर्णेच्या कॉलेजात माझ्या आधी जाऊन प्रवेशाच्या रांगेत उभी राहिली होती.

मग मला नोकरी लागली. डेन्मार्कच्या एका छोट्या कंपनीत, आणि तीही इथं घरी बसून. दातांच्या दवाखान्यांसाठी ते प्रोग्रॅम बनवतात. दवाखानेवाल्यांना काही अडलं की मी त्यांना लिहून उत्तर देते. त्या कंपनीची भारतात शाखा नाही, त्यांना काढायचीही नाही. म्हणून पुण्यातली एक कंपनी कागदावर माझी मालक झाली. काम डेन्मार्कचं, पगार, पीएफ, रजा पुण्याकडून.

पारावर लोक हसले. हापीस न्हाई, साहेब न्हाई, ही कसली नोकरी, असं म्हणाले. काकू हसली नाही. ती घाबरली. येता-जाता एकच विचारायची, "काम एकाचं करायलीस, पगार दुसरा द्यायलाय. मग तू कुणाची गं?"

आणि एक दिवस बचत गटाच्या बैठकीला जाते सांगून ती पुण्याला, त्या कंपनीच्या ऑफिसात गेली. एकटी. पूर्णेहून गाडी धरून. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि डेन्मार्कच्या साहेबांसाठी टॉवेल-टोपीचा आहेर. सोयऱ्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

तिथल्या मॅडमनी पुढचं मला नंतर फोनवर सांगितलं. काकूनं साहेब कुठे बसतात असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते इथे नसतात, आम्हीही त्यांना कधी पाहिलेलं नाही. काकूला म्हणे हसूच फुटलं. म्हणाली, "आमच्या अंगणवाडीसारखंच हाय की मग. खिचडी बचत गटाची, खोली ग्रामपंचायतीची, पोरं आयांची, अन् शिव्या तेवढ्या माझ्या."

मग तिनं मॅडमना सोडलं नाही. उद्या पोरीला काढलं तर जाब कुणाला विचारायचा? बाळंतपणाची रजा कोण देणार? मॅडम प्रत्येक वेळी म्हणाल्या, आम्ही. शेवटी काकू म्हणाली, तिचं नाव दाखवा. मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. काकूनं काचेवर बोट ठेवून माझं नाव वाचलं, पोरांना शिकवताना वाचायची तसं, सावकाश. आहेर मॅडमनाच देऊन आली. तो अजून त्यांच्या कपाटात आहे.

ती घरी आली तेव्हा मी चिडलेली होते. एवढं जाऊन काय मिळवलंस, असं विचारलं. पायांवर पाणी घेता घेता ती म्हणाली, "तुझं नाव हाय गं तिथं. बघून आले." मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "माझंबी कुठं असतं, तर लय बरं वाटलं असतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. लांबच्या माणसाची आठवण काढावी, तसं म्हणाली.

अंगणवाडी सुटली की ती माझ्या दारात येऊन उभी राहायची. जेवलीस का, असं विचारायची नाही. साहेब काय म्हणतो, असं विचारायची. मी हातानंच थांब म्हणायचे. ती थांबायची. आता दुपारची गाडी शिट्टी देऊन जाते, अंगणवाडी सुटते, पोरं ओरडत घरी जातात, आणि मी काम सोडून दाराकडे बघत बसते. कुणीतरी साहेबाचं विचारावं असं फार वाटतं.

ती दवाखान्यात असताना डेन्मार्कहून मेल आला. पुण्याचा खर्च आम्हाला नको आहे, तू स्वतंत्र कंत्राटदार हो, तुझ्या हातात जास्त पडेल. काम तेच राहील. म्हणजे पुण्याच्या कंपनीतून माझं नाव निघेल, रजा आणि पीएफ जाईल. दादा म्हणाले, घे. घराची गरज मलाही दिसते. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

काकूला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी माझ्यावानी?"

मी हो म्हणाले. ती माझा हात धरून पडून राहिली. 

ताईंनो, तुम्ही आयुष्यभर जे मागत आलात, ते मला न मागता मिळालं होतं. ते मी थोड्या पैशांसाठी परत कसं देऊ? आज सकाळी, इथं यायच्या आधी, मी डेन्मार्कला कळवलं. तुमचं काम मला आवडतं, पण पुण्यातलं माझं नाव काढणार असाल तर ते मी करणार नाही. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझी नोकरी असेल की नाही, मला माहीत नाही. दादा, तुम्हालाही हे आत्ता, सगळ्यांबरोबरच कळतंय. रागवा. पण मेल गेलाय.

काकू, तुला माझा नमस्कार. चला, आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू या.