चेनचं तेल आणि सारवलेलं अंगण

यंत्रांना नावं ठेवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण गाडी थांबवली की तेलाची तोटीही बंद करावी लागते, हे सांगणारा एकजण भेटेल तर शपथ!

माझ्या मोटारसायकलला मी चेनवर आपोआप थेंब थेंब तेल सोडणारी डबी बसवली होती. त्याच गाडीवरून मी आणि माझा मित्र वसंता टेंभुर्णीला मुलगी बघायला गेलो. हुंडा घेणार नाही, असं वसंतानं जाहीर केल्यामुळे त्याच्या घरचं कोणीच सोबत आलं नव्हतं.

मुलीच्या वडिलांनी मोठ्या मानानं गाडी अंगणात, रांगोळीशेजारी लावायला सांगितली. आत बसल्यावर मात्र सरळच विचारलं, "हुंडा नको म्हणता. मंग पोरात काही खोट तर न्हाई?"

मी तावातावानं म्हणालो, "खोट रूढीत आहे, काका! आता नवा जमाना आलाय!"

दारातून मुलीची आत्या ओरडली, "दादा, ह्यांचा नवा जमाना अंगणात गळून राह्यला!"

आम्ही धावलो. ताज्या सारवणावर काळ्या तेलाचं थारोळं झालं होतं आणि रांगोळीतला मोर त्यात बुडाला होता. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. मी तोटीशी झटत राहिलो; वसंता मात्र धोतर खोचून खाली बसला आणि चुलीतली राख मागून हातानं तेल पुसायला लागला.

वडिलांनी बहिणीकडं पाहिलं. आत्या म्हणाली, "पोरगा बराबर हाय दादा, देऊन टाका. पर वरात बैलगाडीनंच आणा म्हणावं. बैलानं घाण केली तर सारवायला तरी कामी येती."