उजेड मोजणारा पुतण्या

कुणाच्या शेतात मोजायला मला बोलवू नका, आधीच सांगून ठेवतो. मी परभणीला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एकदा वालूरचे काका आमची प्रयोगशाळा बघायला आले. मी फुशारकीनं म्हणालो, "काका, ह्या पिवळ्या उजेडाच्या लाटेची लांबी आमी मोजतो. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग करायचे, त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम."

झालं! पुढच्या रविवारी काकांनी मला थेट शेतावर नेलं. शेजारच्या दत्तरावांनी बांध कोरला म्हणून चार वर्षं भांडण चालू होतं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा पुतण्या उजेड मोजतोय, बांध काय चीज हाय! ह्यो सांगंल ते कबूल."

नकाशा बघून मी टेप लावला. दत्तरावांचीच दोन फूट जमीन आमच्याकडं निघाली.

काका माझ्या कानाशी आले. "तुझ्या त्या बारीक मापात सांग. कमी वाटंल."

"काका, त्यात सहाशे कोटी भरतील."

दत्तरावांनी ते ऐकलं. "एवढं नको बाबा," ते म्हणाले, "दोन फूटच द्या."

आता काका पाहुण्यांना माझी ओळख करून देतात, "ह्यो पुतण्या. कॉलेजात मराठी शिकवतोय."